मॅकियाव्हेलीच्या बदनामीची फेरतपासणी : आरोप, कागदपत्रं आणि उरलेले दोष

‘साध्य योग्य असेल तर साधन कुठलंही चालतं’ हे वाक्य इटलीतल्या फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत निकोलो मॅकियाव्हेली याच्या नावाला कायमचं चिकटलं आहे. अग्रलेखांत येतं, परीक्षेच्या नोट्समध्ये येतं, टीव्हीवरच्या चर्चेत तर हमखास येतं. त्याच्या एकाही ग्रंथात ते नाही.

त्याच्या जवळ जाणाऱ्या जागा दोन. पहिली ‘द प्रिन्स’ या राजाला सल्ला देणाऱ्या त्याच्या पुस्तकाच्या 18व्या प्रकरणात. तिथं तो म्हणतो की माणसांच्या, आणि विशेषतः राजांच्या कृतींबद्दल दाद मागायला वरचं न्यायालय नसतं, म्हणून लोक शेवट काय झाला एवढंच बघतात. राजानं जिंकावं आणि राज्य राखावं. त्याचे मार्ग सन्मानाचेच मानले जातील, कारण सामान्य माणूस दिसण्यावर आणि निकालावर भाळतो. लोक राजाला कसं जोखतात, त्याचं हे निरीक्षण आहे. त्यावर विसंबून तो राजाला सल्ला देतो हे खरं, पण ‘म्हणून ते मार्ग योग्य आहेत’ असं तो म्हणत नाही. दुसरी जागा ‘डिस्कोर्सेस’मध्ये, म्हणजे रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या त्याच्या भाष्यात, पहिल्या भागाच्या 9व्या प्रकरणात. रोमचा संस्थापक मानल्या गेलेल्या रोम्युलसनं भावाचा जीव घेतला. मॅकियाव्हेली लिहितो : कृत्य त्याला दोषी ठरवतं, परिणाम त्याला माफी मिळवून देतो. लगेच अटही घालतो, की मोडण्यासाठी हिंसा करणारा निंद्य, सावरण्यासाठी करणारा नव्हे. माफीची गरज गुन्ह्यालाच लागते. कृत्य गुन्हा आहे हे तो आधी मान्य करतो आणि मग पुढे जातो.

एवढ्यानं त्याची सुटका होत नाही. पण तपासणी नीट करायची तर सुरुवात इथून करावी लागते, कारण मूळ आरोपपत्रातलं पहिलंच कलम खोट्या अवतरणावर उभं आहे.

कागद कोणते आणि कसे वाचायचे

मॅकियाव्हेलीबद्दलचा पुरावा चार गठ्ठ्यांत येतो : सरकारी खलिते, खासगी पत्रं, ग्रंथ, आणि इतरांनी त्याच्याविषयी लिहिलेलं. हे गठ्ठे एकमेकांत मिसळले की निष्कर्ष बिघडतो. प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : तारीख, ते कुणाला उद्देशून आहे, आणि त्या दिवशी तो नोकरीत होता की नोकरीच्या शोधात. नेहमीची चूक म्हणजे ‘द प्रिन्स’च्या 26 प्रकरणांपैकी 15 ते 18 एवढी चारच वाचून बाकीच्या माणसाचा अंदाज बांधणं. त्याच पुस्तकातलं 9वं प्रकरण सांगतं की बड्यांना दुसऱ्याला दाबायचं असतं, जनतेला फक्त दाबलं जायचं नसतं, म्हणून जनतेचा हेतू अधिक प्रामाणिक असतो. 20वं सांगतं की राजाचा सर्वांत भक्कम किल्ला म्हणजे जनतेनं त्याचा द्वेष न करणं. ही वाक्यं कुणी उद्धृत करत नाही.

आता तारखा. जन्म 3 मे 1469, फ्लॉरेन्स. वडील बेर्नार्दो कायदा शिकलेले, पण पैशानं बेताचे. एका मुद्रकासाठी त्यांनी लिव्हीच्या इतिहासातल्या शहरांची, डोंगरांची, नद्यांची सूची तयार करून दिली आणि मोबदल्यात त्या ग्रंथाची प्रत मिळवली. 23 मे 1498 रोजी फ्लॉरेन्सवर वजन असलेल्या धर्मोपदेशक साव्होनारोलाला फाशी देऊन जाळलं गेलं, आणि काही आठवड्यांतच 29 वर्षांचा निकोलो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या चॅन्सरीचा, म्हणजे सरकारी कचेरीचा, सचिव झाला. पुढची चौदा वर्षं तो फ्रान्सच्या राजाकडे, पोपकडे, सम्राट मॅक्सिमिलियनकडे, पोपचा मुलगा आणि सेनानी चेझारे बोर्जियाकडे जात राहिला. त्याला तह करायचा अधिकार नसे. बोलायचं, वेळ काढायचा आणि रोजचं लिहून पाठवायचं, हे काम.

याच काळात त्यानं भाडोत्री फौजांच्या जागी गावोगावच्या माणसांची फौज उभी केली. 15 फेब्रुवारी 1506 रोजी चारशे रंगरूट शहराच्या मुख्य चौकात उतरले. लुका लांदुच्ची या औषधविक्यानं आपल्या रोजनिशीत त्यांचा पोशाख टिपला आहे : पांढरी बंडी, अर्धे तांबडे अर्धे पांढरे पायमोजे, पांढरी टोपी, छातीवर लोखंडी पत्रा, हातात भाले, काहींकडे बंदुका. जून 1509 मध्ये पीसा शहर परत मिळवण्यात या फौजेचा वाटा होता. पण 29 ऑगस्ट 1512 रोजी प्रातो इथं अनुभवी स्पॅनिश पायदळासमोर तीच फौज फुटली, शहर लुटलं गेलं, कत्तल झाली. फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक कोसळलं आणि पूर्वी शहरावर सत्ता चालवणारं मेदिची घराणं परत आलं.

7 नोव्हेंबर 1512 रोजी त्याची नोकरी गेली. वर्षभर राज्याबाहेर जायची बंदी आणि एक हजार सोन्याच्या फ्लोरिनचा जामीन. फेब्रुवारी 1513 मध्ये मेदिचींविरुद्धच्या एका कटवाल्याकडे नावांची यादी सापडली, त्यात त्याचं नाव होतं. हात पाठीमागे बांधून दोरीनं वर ओढायचं आणि एकदम खाली सोडायचं, अशा यातनेचे सहा झटके त्यानं सोसले. काही कबूल केलं नाही. मार्चमध्ये जोव्हान्नी दे मेदिची पोप दहावा लिओ झाला, त्या आनंदात झालेल्या माफीत हा सुटला आणि सांत’आंद्रेआ या गावातल्या घरी गेला. त्याच वर्षी 10 डिसेंबरला मित्र फ्रांचेस्को व्हेत्तोरीला लिहिलेल्या पत्रात ‘द प्रिन्स’चा पहिला उल्लेख येतो. त्याच पत्रात तो म्हणतो, माझ्या इमानाबद्दल कुणी शंका घेऊ नये, माझं दारिद्र्यच त्याची साक्ष आहे. चौदा वर्षं राज्याचा पैसा आणि फौजेचे व्यवहार हाताखालून गेलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, आणि त्याच्या पडत्या काळातही हे इमान खोटं ठरवणारा पुरावा पुढे आलेला नाही.

बोर्जियाचं उदाहरण जवळून

‘मॅकियाव्हेलीनं बोर्जियासारख्या खुनी माणसाला आदर्श मानलं’ हा सर्वांत वजनदार आरोप. इथं कागद भरपूर आहेत, त्यामुळे ताडून बघता येतं.

ऑक्टोबर 1502 मध्ये तो इमोला इथं बोर्जियाच्या छावणीत पोचला. पैसे पुरत नव्हते, तब्येत बिघडलेली, परत बोलवा म्हणून तो वरिष्ठांना वारंवार लिहीत होता. दरम्यान त्यानं कचेरीतल्या मित्राकडे प्लुटार्कची चरित्रं मागवली. उत्तर आलं की फ्लॉरेन्समध्ये विकत मिळत नाहीत, व्हेनिसला लिहावं लागेल.

26 डिसेंबरला चेझेना शहरात बोर्जियाचाच सुभेदार रेमिर्रो दे ओर्को चौकात दोन तुकडे केलेल्या अवस्थेत सापडला. त्या दिवशीच्या खलित्यात मॅकियाव्हेली एवढंच कळवतो की मृत्यूचं कारण नीट समजत नाही. राजाची, म्हणजे बोर्जियाची, तशी मर्जी झाली, आणि माणसं घडवायची नि मोडायची ताकद आपल्यात आहे हे त्यानं दाखवलं. पाच दिवसांनी सेनिगाल्लिया इथं बोर्जियानं बंडखोर सरदारांना समेटाच्या नावाखाली बोलावून पकडलं आणि त्यांतल्या दोघांचा त्याच रात्री गळा आवळला.

अकरा वर्षांनी ‘द प्रिन्स’च्या 7व्या प्रकरणात रेमिर्रोच्या त्याच प्रेताला अर्थ दिला गेला. बेबंद रोमान्या प्रांतात शिस्त आणायला बोर्जियानं क्रूर सुभेदार नेमला. काम झाल्यावर द्वेष आपल्यावर येऊ नये म्हणून प्रांताच्या मधोमध एक दिवाणी न्यायालय बसवलं, त्यावर उत्तम अध्यक्ष नेमला, प्रत्येक शहराला तिथं आपला वकील ठेवू दिला. त्यानंतर सुभेदाराला संपवलं. चौकातलं रक्ताळलेलं पातं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच परिच्छेदातलं न्यायालय मात्र बहुतेक सारांशांतून गळून पडतं. मॅकियाव्हेलीला महत्त्वाची वाटते ती बळजबरीकडून कायद्याकडे झालेली ही वाटचाल. खुनाचा भाग त्यात आहेच, आणि त्याबद्दल त्याला शिसारी आलेली दिसत नाही. दोन्ही नोंदवायला हवं.

आता 1503. ऑगस्टमध्ये बोर्जियाचे वडील, पोप सहावा अलेक्झांडर, वारले. बोर्जिया स्वतः आजारी. नोव्हेंबरमध्ये जुलियानो देल्ला रोव्हेरे पोप झाला. बोर्जियाचा आणि त्याचा जुना दावा, तरी त्याच्या आश्वासनांवर बोर्जियानं भरवसा ठेवला. मॅकियाव्हेली तेव्हा रोममध्येच होता. तो लिहितो की हा ड्यूक आपल्या आत्मविश्वासात वाहून चालला आहे, स्वतःचा शब्द जेवढा टिकला नाही तेवढा दुसऱ्यांचा टिकेल असं समजतो. महिन्याभरात पुढचा खलिता येतो : ड्यूक हळूहळू कबरीत घसरतो आहे. 7व्या प्रकरणाचा शेवटही तोच आहे : या पोपच्या निवडीत ड्यूक चुकला आणि ती चूकच त्याच्या सर्वनाशाचं कारण ठरली. ज्याला आपण दुखावलं तो नव्या उपकारांनी जुना घाव विसरेल असं मानणारा फसतो, हा तिथला धडा.

म्हणजे या ‘आदर्शा’ला लेखकच शेवटी नापास करतो. तरीही बोर्जियाबद्दलचं त्याचं आकर्षण खोटं म्हणता येत नाही. 31 जानेवारी 1515 च्या खासगी पत्रात तो व्हेत्तोरीला सरळ लिहितो की मी नवा राजा असतो तर बोर्जियाच्याच कृतींचं अनुकरण केलं असतं. बचाव करणारे हे पत्र टाळतात. टाळू नये. ‘नवा राजा’ ही अट मात्र सोबत वाचावी, कारण ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागात, 26व्या प्रकरणात, तो नव्या राजाला लागणारे उपाय सांगतो आणि पुढे म्हणतो की हे मार्ग अतिशय क्रूर आहेत, ख्रिस्ती तर सोडाच, माणुसकीच्याही विरुद्ध आहेत, माणसांचा असा नाश करून राजा होण्यापेक्षा खासगी माणूस म्हणून जगणं बरं. आणि ‘द प्रिन्स’मध्येच अगाथोक्लेस या जुलमी सत्ताधीशाबद्दल तो लिहितो की नागरिकांना मारणं, मित्रांचा घात करणं, दयाधर्म न ठेवणं याला गुण म्हणता येत नाही, त्यानं सत्ता मिळते, कीर्ती मिळत नाही.

बदनामी कुणी घडवली

मॅकियाव्हेली 21 जून 1527 रोजी वारला. ‘द प्रिन्स’ छापलं गेलं 1532 मध्ये, रोममध्ये, आंतोनियो ब्लादोच्या छापखान्यात, पोप सातव्या क्लेमेंटच्या परवान्यानं. पुढची 27 वर्षं चर्चनं त्यावर बंदी घातली नाही. बंदी आली 1559 मध्ये, पोप चौथ्या पॉलच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत. हा 27 वर्षांचा अवधी ध्यानात ठेवला की पुस्तकाचा दुष्टपणा पहिल्या नजरेत सगळ्यांना दिसला, ही समजूत गळून पडते. 1570 च्या दशकात त्याच्या नातवंडांकडून काटछाट केलेली आवृत्ती करवून घेण्याचा प्रयत्न झाला. ती बाहेर आली नाही.

सैतानाची भाषा पहिल्यांदा वापरली इंग्लिश कार्डिनल रेजिनाल्ड पोल यानं, 1539 च्या सुमारास सम्राट पाचव्या चार्ल्सला उद्देशून लिहिताना. पोलचं खरं लक्ष्य होतं आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. पुस्तक सैतानाच्या बोटानं लिहिलंय, असं तो म्हणतो. पण त्याच लिखाणात तो सांगतो की फ्लॉरेन्सच्या लोकांकडून आपण वेगळंच ऐकलं : मॅकियाव्हेलीनं मेदिचींना खड्ड्यात घालायलाच हा सल्ला दिला. ‘सैतान’ आणि ‘छुपा देशभक्त’ ही दोन्ही चित्रं एकाच कागदावर उगवली आहेत.

मोठा घाव फ्रान्समधून बसला. ऑगस्ट 1572 मध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. राजमाता होती कॅथरीन दे मेदिची, आणि ‘द प्रिन्स’ ज्या लोरेन्झो दे मेदिचीला अर्पण आहे त्याचीच ती मुलगी. इनोसाँ जाँतिये या प्रोटेस्टंट वकिलानं 1576 मध्ये मॅकियाव्हेलीच्या ग्रंथांतून 50 सूत्रं वेचून काढली आणि एकेक खोडून काढलं. सूत्रं संदर्भातून सुटी झाली, ‘डिस्कोर्सेस’मधली नि ‘द प्रिन्स’मधली एकत्र मिसळली, आणि यादी हातोहाती फिरू लागली. आजचे ‘मॅकियाव्हेलीचे विचार’वाले फॉरवर्ड ज्या पद्धतीनं बनतात ती हीच. इंग्लंडला मॅकियाव्हेली केवळ जाँतियेमुळे कळला, असं मात्र म्हणू नये. लंडनच्या जॉन वुल्फनं 1584 मध्येच मूळ इटालियन पुस्तकं, छापल्याचं ठिकाण खोटं ‘पालेर्मो’ घालून, काढली होती. रंगभूमीनं बाकीचं काम केलं. इंग्लिश नाटककार मार्लोच्या नाटकात तर तो स्वतःच प्रस्तावना म्हणायला येतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिकनं 1740 मध्ये व्होल्तेरच्या मदतीनं त्याचं खंडन छापलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात सायलीशियावर फौज घातली.

आपल्याकडे त्याची जोड चाणक्याशी लावतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं 1919 मध्ये म्हटलं होतं की चाणक्याच्या ‘अर्थशास्त्रा’पुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी आहे. तुलना करताना दोन्ही ग्रंथांचं काम वेगळं आहे हे विसरू नये : एक करआकारणीपासून हेरखात्यापर्यंत अख्ख्या राज्यकारभाराची संहिता, दुसरं नव्यानं सत्ता मिळालेल्या माणसाला लिहिलेलं छोटं पुस्तक.

चुकीचा बचाव

बदनामी दूर करण्याच्या उत्साहात दुसऱ्या टोकाची चूक होते. ‘द प्रिन्स’ हा उपहास आहे किंवा मेदिचींसाठी लावलेला सापळा आहे, ही कल्पना मोहक आहे. रूसोनं 1762 मध्ये त्याला प्रजासत्ताकवाद्यांचं पुस्तक म्हटलं, स्पिनोझानंही तसाच अंदाज केला. पण 10 डिसेंबरच्या पत्रात तो मेदिचींनी आपल्याला कामावर घ्यावं म्हणून आसुसलेला दिसतो, सुरुवातीला नुसता दगड ढकलायला लावला तरी चालेल म्हणतो. नऊ महिन्यांपूर्वी तुरुंगातून सुटलेला, घर चालवण्याची चिंता असलेला माणूस त्याच राज्यकर्त्यांची थट्टा करणारं पुस्तक नोकरीच्या अर्जासारखं पाठवेल, हे पटत नाही. 1515 चं बोर्जियावरचं पत्र तर उपहासाची शक्यता जवळजवळ संपवतं.

भक्कम बचाव वेगळ्या कागदावर उभा राहतो, आणि तो कागद कमी वाचला जातो. 1519 मध्ये लोरेन्झो मेला. घराण्याच्या मुख्य शाखेत पोप लिओ आणि कार्डिनल जुलिओ उरले, दोघेही धर्मगुरू, औरस वारस नाही. फ्लॉरेन्सचं पुढे काय करावं यावर मॅकियाव्हेलीकडून निवेदन मागवलं गेलं. आता तो ज्यांची मेहेरबानी हवी होती त्यांच्याशीच बोलत होता. त्यानं सांगितलं : प्रजासत्ताक परत द्या. आराखडाही दिला. 45 वर्षांवरच्या 65 नागरिकांचं तहहयात मंडळ, त्यातून आळीपाळीनं कारभारी. त्याखाली 200 जणांची परिषद. आणि सर्वांत खाली हजार, निदान सहाशे, नागरिकांची महासभा. 1512 नंतर मेदिचींनी महासभेचं जे दालन सैनिकांना राहायला दिलं होतं, ते पुन्हा उघडा, कारण बहुसंख्यांचं समाधान केल्याशिवाय कुठलंही प्रजासत्ताक टिकलेलं नाही. पोप आणि कार्डिनल हयात असेतो नेमणुका, फौज आणि फौजदारी न्याय त्यांच्या हाती. त्यांच्यानंतर शहर पूर्ण स्वतंत्र.

‘डिस्कोर्सेस’मध्ये हेच तत्त्व मांडलेलं आहे : जनसमूह राजापेक्षा शहाणा आणि स्थिर असतो, आणि सार्वजनिक हित फक्त प्रजासत्ताकातच जपलं जातं. ही मतं त्यानं मित्रांपुरती ठेवली नाहीत, सत्ताधाऱ्यांसमोरही ठेवली. मेदिचींनी ती मानली नाहीत. ‘द प्रिन्स’ छापलं गेलं त्याच 1532 साली अलेस्सांद्रो दे मेदिची फ्लॉरेन्सचा वंशपरंपरागत ड्यूक झाला. पाच वर्षांनी त्याच्याच भाऊबंदानं त्याचा खून केला.

जे दोष उरतात

फेरतपासणी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. बोर्जियासाठी गळे आवळणारा डॉन मिकेले याला 1506 मध्ये फ्लॉरेन्सच्या ग्रामीण फौजेवर नेमलं गेलं. त्या नेमणुकीमागे मॅकियाव्हेली होता. भाडोत्री सैनिकांवर त्यानं सगळं खापर फोडलं, पण प्रातोचा अनुभव नीट तपासून आपल्या फौजेच्या कल्पनेला हात लावला नाही. 1521 मध्ये छापलेल्या युद्धकलेवरच्या ग्रंथातही तोफा-बंदुकांना त्यानं कमी लेखलं. नशीब बाईसारखं आहे, तिला मारून काबूत आणावं लागतं, हे 25व्या प्रकरणातलं वाक्य त्याच्या काळाच्या नावावर ढकलून सुटत नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप रोम्युलसच्या त्या अटीवर आहे. सावरण्यासाठी केलेली हिंसा क्षम्य म्हणायची, तर आपण सावरतोय की मोडतोय हे कोण ठरवणार? हिंसा करणारा प्रत्येक जण स्वतःला सावरणाराच म्हणतो. मॅकियाव्हेलीकडे यावर उत्तर नाही. ‘डिस्कोर्सेस’च्या तिसऱ्या भागात, 3ऱ्या प्रकरणात, तो ज्याच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं त्या पिएरो सोदेरिनीचा विचार करतो. सोदेरिनी प्रजासत्ताकाचा तहहयात प्रमुख होता. मेदिचींच्या पक्षपात्यांना चिरडायला त्याला कायदे मोडून जास्तीचे अधिकार घ्यावे लागले असते. त्याला भीती वाटली की तसं केलं तर लोक या पदालाच घाबरतील आणि आपल्या माघारी ते पद कुणाला देणार नाहीत. म्हणून त्यानं हात आखडता घेतला, आणि 1512 मध्ये पद, शहर, सगळंच गमावलं. मॅकियाव्हेली लिहितो की सोदेरिनीचा हा विचार शहाणपणाचा आणि चांगला होता. त्याच परिच्छेदात तो त्याला दोष देतो, की चांगल्या गोष्टीचा मान राखण्यासाठी वाईटाला वाढू देऊ नये, जेव्हा ते वाईट त्या चांगल्याला सहज चिरडू शकतं. सोदेरिनीनं मग नेमकं किती कायदे मोडायचे होते, आणि कुठं थांबायचं होतं, ते तो सांगत नाही.